चिल्लरीत आलेली परकी नाणी



अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात नोव्हाय नावाचे शहर आहे. डेट्रॉइटपासून मोटारीने अर्ध्या-पाऊण तासावर. मोटारीच्या कारखान्यांमुळे इथे आपल्याकडची माणसे पुष्कळ, जपानी माणसेही पुष्कळ. आम्ही निवृत्तीनंतर मुलाकडे राहायला आलो आणि आमच्याबरोबर आमचे बाबाही आले. बाबांचे वय आता नव्वदीला टेकले आहे. त्यांची सारी नोकरी मुंबईला रेल्वेच्या तार खात्यात झाली. इथे त्यांना काम असे काही नाही, म्हणून त्यांनी स्वतःच एक काम शोधले. दुकानातून परत आलेली मोड रोज संध्याकाळी टेबलावर ओतायची, भिंग घ्यायचे आणि एकेक नाणे उलटून पाहायचे.

आधी आम्ही हसलो. पण महिनाभरात त्या ढिगातून इतक्या देशांची नाणी निघाली, की आम्हीही त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसू लागलो. त्यातून जे कळले ते इथे लिहीत आहोत. आपल्यापैकी अनेकांच्या कपाटात जुन्या नाण्यांची एखादी डबी असते. आमच्या हातून त्या बाबतीत जी चूक झाली ती पुढे सांगणारच आहोत.

सर्वांत जास्त सापडतात ती कॅनडाची नाणी. डेट्रॉइट नदीच्या पलीकडे विंडसर शहर, म्हणजे कॅनडा. गंमत अशी की डेट्रॉइटला उभे राहिले तर कॅनडा दक्षिणेला येतो! १९२९ साली नदीवर अँबॅसेडर पूल झाला, १९३० साली पाण्याखालून बोगदा झाला, आणि तेव्हापासून माणसांबरोबर चिल्लरही इकडून तिकडे जात आहे. दोन्ही देशांच्या नाण्यांची नावे आणि आकार जवळजवळ सारखे. पंचवीस सेंटचे नाणे म्हणजे क्वार्टर. अमेरिकेचा क्वार्टर २४.२६ मिलिमीटर रुंद, कॅनडाचा २३.८८. एवढा फरक घाईतल्या दुकानदाराला काय दिसणार? दहा सेंटच्या डाइमचेही तेच. मग नाणे ओळखायचे कसे? अमेरिकेच्या नाण्यावर बहुधा राष्ट्राध्यक्षाचे डोके असते, कॅनडाच्या नाण्यावर बहुधा राणी एलिझाबेथचे, फार जुने असेल तर तिच्या वडिलांचे, सहाव्या जॉर्जचे. मागल्या बाजूला क्वार्टरवर रानातले शिंगवाले हरीण, डाइमवर शिडाचे जहाज, पाच सेंटवर बीव्हर नावाचा प्राणी.

डोळ्यांना नीट दिसत नसेल त्यांनी लोहचुंबक वापरावे. कॅनडाचे डाइम आणि क्वार्टर १९६८ च्या सुमारापासून आधी निकेलचे आणि २००० पासून पोलादाचे आहेत, ते चुंबकाला टपकन चिकटतात. अमेरिकेचे चलनातले एकही नाणे चिकटत नाही. अपवाद फक्त १९४३ सालच्या एका सेंटचा. महायुद्धात तांब्याची टंचाई होती म्हणून त्या वर्षी सेंट पोलादाचा, वर जस्ताचा मुलामा देऊन पाडला. बाबा आता कुठेही जाताना खिशात एक चुंबक ठेवतात. आमच्या नातवाच्या खेळण्यातले आहे ते.

पहिल्या महिन्यात आमच्या ढिगात एक बारा कोनांचे चकचकीत नाणे आले. बाबांनी ते हातात घेताच म्हटले, "हा आपला आणा कसा आला इथे?" दिसायला खरेच तसे, आणि राजाही तोच, सहावा जॉर्ज. पण ते होते कॅनडाचे पाच सेंटचे नाणे, १९४५ सालचे. १९४२ ते १९६२ पर्यंत कॅनडाने पाच सेंटचे नाणे बारा कोनांचे पाडले. त्यातल्या १९४३ ते १९४५ च्या नाण्यांवर मागे विजयाचा मोठा व्ही आणि मशाल आहे. युद्धसाहित्यासाठी निकेल लागत होते म्हणून त्या तीन वर्षांत आधी पितळेसारखा मिश्रधातू वापरला आणि मग क्रोमचा मुलामा दिलेले पोलाद. आमचे नाणे या दुसऱ्या प्रकारचे.

बाबांनी भिंग लावले. नाण्याच्या कडेने आतून बारीक ठिपके आणि रेघा होत्या, आम्हाला ती नुसती नक्षी वाटली. बाबा काही बोलेनात. मग त्यांचे बोट टेबलावर वाजू लागले, कट्ट-कडकट्ट, कट्ट-कडकट्ट. पाच मिनिटांनी म्हणाले, "अरे, ही तार आहे." आणि खरोखर ती तार होती! त्या नाण्यांच्या कडेला मोर्स लिपीत एक इंग्रजी वाक्य कोरलेले आहे, त्याचा अर्थ असा की मनापासून काम केले तर जय आपलाच. मायदेशात तार बंद होऊन आता बरीच वर्षे झाली, जुलै २०१३ मध्ये शेवटची तार गेली. इथे परक्या मुलखात पाच सेंटच्या नाण्यावर बाबांना एक न पोचवलेली तार सापडली. त्या दिवशी ते दोन घास जास्त जेवले.

जपानी नाणी क्वचित येतात, पण येतात. एक पिवळे, मध्ये भोक असलेले नाणे आले. त्यावर आपला एक-दोन-तीनमधला कुठलाच आकडा नाही, सारे जपानी अक्षरांत. ते पाच येनचे नाणे आहे, आणि त्यावर भाताची लोंबी आहे. कोकणातल्या माणसाला हे नाणे परके कसे वाटेल? भोक पाहून आमच्या घरात भोकाच्या पैशाची आठवण निघाली. १९४३ ते १९४७ या काळात हिंदुस्थान सरकारने तांबे वाचवण्यासाठी मध्ये मोठे भोक ठेवून पैसा पाडला होता. बाबांच्या लहानपणी मुले तो दोऱ्यात ओवून कमरेला बांधत. इस्राएलमध्ये आधी येऊन स्थायिक झालेल्या आपल्या लोकांनी अजून एक भोकाचे नाणे पाहिले असेल. ब्रिटिश अमलातले पाच, दहा आणि वीस मिलचे. त्यावर इंग्रजी, अरबी आणि हिब्रू अशा तीन लिपी होत्या, आणि हिब्रूत देशाच्या नावापुढे कंसात अलेफ आणि योद ही दोन अक्षरे, म्हणजे एरेत्स इस्राएल.

आता शेकेलची गोष्ट. एका शुक्रवारी शब्बाथच्या मेणबत्त्या आणायला गेलो होतो. परत आलेल्या मोडीत तीन डाइम होते, त्यातला एक जरा जाड वाटला. घरी येऊन पाहिले तर डाइम नव्हताच, आपल्या इस्राएलचा एक शेकेल होता! डाइम १७.९१ मिलिमीटर, शेकेल १८ मिलिमीटर. डोळ्याला सारखे, पण शेकेल साडेतीन ग्रॅमचा आणि डाइम सव्वादोन ग्रॅमचा, म्हणून बोटाला कळते. शेकेलवर लिलीचे फूल आहे आणि त्याच्याजवळ प्राचीन हिब्रू लिपीत यहुद असे लिहिले आहे. इराणी बादशहांच्या काळात यहुदा प्रांतात जी छोटी चांदीची नाणी चालत त्यांवरून ते घेतले आहे. आपण इस्राएलमध्ये ते रोज हाताळता, तेव्हा त्याचे एवढे काही वाटणार नाही. पण नोव्हायच्या दुकानात, बर्फ पडत असताना, गल्ल्यातल्या मुलीने दहा सेंट म्हणून जेव्हा ते आमच्या हातावर ठेवले, तेव्हा आम्हाला घरचे माणूस भेटल्यासारखे झाले. वेस्ट ब्लूमफील्ड आणि साउथफील्ड इथे यहुदी वस्ती मोठी आहे, कुणीतरी इस्राएलहून आलेल्याने चुकून दिले असेल. हिशेबाने पाहिले तर आमचा फायदाच झाला, कारण शेकेलची किंमत डाइमच्या दुपटीहून जास्त आहे.

पण फायदा घ्यावा का? आणि उलट, कॅनडाचा क्वार्टर आपल्याकडे आला तर तो पुढे सरकवावा का? कॅनडाचा डॉलर अलीकडे अमेरिकेच्या पाऊण डॉलरच्या आसपास किंवा त्याहून खाली असतो, म्हणजे प्रत्येक क्वार्टरमागे सहा-सात सेंटचा तोटा. इथले दुकानदार एखाद-दुसरे कॅनडाचे नाणे हसून घेतात, बँका मात्र घेत नाहीत आणि यंत्रे बाहेर टाकतात. आमच्या मुलाचे म्हणणे असे की सगळेच तसे चालवतात. बाबांना ते पटेना. त्यांनी सिनेगॉगमधल्या अभ्यासवर्गात रब्बींना विचारले. रब्बींनी तालमूदमधला बावा मेत्सिया हा भाग काढून दाखवला. झिजून वजनाला कमी झालेल्या नाण्याचे काय करावे, याची तिथे चर्चा आहे. ते व्यापाऱ्याला विकू नये, गुंडालाही देऊ नये, कारण ते दुसऱ्या कुणाला तरी फसवून खपवतील. त्यापेक्षा त्याला भोक पाडून मुलाच्या गळ्यात बांधावे. बाबा लगेच म्हणाले, "मग आमचा भोकाचा पैसा बरा, आधीच ओवायला तयार!" वर्गात हशा झाला. पण तेव्हापासून आमच्या घरी कॅनडाच्या नाण्यांची बरणी वेगळी आहे, आणि विंडसरला जाणाऱ्या माणसाला आम्ही ती देतो. जिथले पैसे तिथे खर्च होतात.

अमेरिकेच्या स्वतःच्या नाण्यांतही पाहण्यासारखे आहे. १९६४ पर्यंतच्या डाइम, क्वार्टर आणि अर्ध्या डॉलरमध्ये शेकडा ९० भाग चांदी होती. १९६५ च्या कायद्याने डाइम आणि क्वार्टरमधली चांदी काढून टाकली. अर्ध्या डॉलरमध्ये शेकडा ४० ठेवली, तीही १९७० नंतर गेली. साल वाचता येत नसेल तर नाणे उभे धरून कड पाहावी. नव्या नाण्याच्या कडेला तांब्याची तपकिरी रेघ दिसते, चांदीच्या नाण्याची कड सारी पांढरी. कानानेही कळते. आपले सराफ रुपया दगडावर आपटून बघत, तीच परीक्षा. चांदी खणखणीत वाजते, नवे नाणे बद्द वाजते. लोकांनी साठ वर्षांत ही नाणी वेचून घेतली आहेत, तेव्हा रोज सापडतील अशी आशा धरू नये. आम्हाला एवढ्या दिवसांत दोन डाइम मिळाले. पाच सेंटच्या निकेलमध्ये एरवी चांदी नसते, पण १९४२ च्या उत्तरार्धापासून १९४५ पर्यंतच्या निकेलमध्ये शेकडा ३५ चांदी आहे. त्यांची खूण म्हणजे मागल्या बाजूच्या इमारतीच्या घुमटावर मोठे अक्षर. कॅनडाच्या १९६६ पर्यंतच्या डाइम-क्वार्टरमध्येही शेकडा ८० चांदी आहे. ती चुंबकाला चिकटत नाहीत, म्हणून राणीचे डोके असूनही नाणे चिकटले नाही तर साल जरूर पाहावे.

एक सेंट, ज्याला इथे पेनी म्हणतात, त्याबद्दल दोन शब्द. नोव्हेंबर २०२५ मध्ये फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत चलनासाठीचा शेवटचा सेंट पाडला गेला. कॅनडाने आपला सेंट २०१२ मध्येच बंद केला होता. इस्राएलची एक अगोरा १९९१ मध्ये गेली आणि पाच अगोरोत २००८ मध्ये, हे आपल्याला आठवत असेल. सेंट पाडणे थांबले तरी असलेले सेंट चालतात. त्यांवर लिंकनचे जे डोके आहे ते एका यहुदी कारागिराच्या हातचे आहे, ही गोष्ट आम्हाला इथे येईपर्यंत माहीत नव्हती. व्हिक्टर डेव्हिड ब्रेनर हे त्यांचे नाव. १८७१ साली लिथुएनियात जन्म, १८९० मध्ये गरीब स्थितीत न्यूयॉर्कला आले आणि नक्षीकाम करून पोट भरू लागले. लिंकनच्या जन्माला शंभर वर्षे झाली तेव्हा, १९०९ मध्ये, त्यांचा सेंट निघाला. मागल्या बाजूला खाली त्यांच्या नावाची आद्याक्षरे होती. ती फार मोठी दिसतात अशी ओरड झाली आणि काही दिवसांतच काढून टाकली. १९१८ मध्ये ती परत आली, पण लिंकनच्या खांद्याखाली, इतकी बारीक की भिंगाशिवाय दिसत नाहीत. सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीत आद्याक्षरांसह ४,८४,००० सेंट पाडले गेले होते, त्यांना आज फार मोठी किंमत येते. साधे, मागे गव्हाच्या दोन ओंब्या असलेले १९५८ पर्यंतचे सेंट मात्र अजूनही चिल्लरीत येतात. आमच्याकडे नऊ आहेत. त्यांना फार किंमत नाही, पण बाबा त्यांना ब्रेनरसाहेबांचे पैसे म्हणतात.

आता आमची चूक. इथल्या वाणसामानाच्या दुकानांत चिल्लर मोजण्याची यंत्रे असतात. वर डबा ओतायचा, यंत्र आकार, वजन आणि धातू तपासून मोजते, आपला वाटा कापून घेते आणि बाकीची चिठ्ठी देते. जे नाणे ओळखीचे नाही ते खालच्या ताटलीत टाकते. मागच्या हिवाळ्यात आमचा मुलगा घरातली मोठी बरणी घेऊन गेला. त्याच्या मते ती नुसती चिल्लर. बाबांनी त्याच बरणीत, वेगळी जागा नको म्हणून, आपल्या डबीतली नाणी कागदात गुंडाळून तळाशी ठेवली होती. कागद सुटला. यंत्राने कॅनडाची नाणी, तो शेकेल, दोन भोकाचे पैसे आणि बाबांच्या आईचा चांदीचा रुपया ताटलीत टाकले. मुलाला वाटले खराब नाणी आहेत, तो चिठ्ठी घेऊन निघून आला.

घरी आल्यावर बाबांनी विचारले तेव्हा उलगडा झाला. आम्ही तसेच परत गेलो. शेकेल होता, भोकाचे पैसे होते. रुपया नव्हता. दुकानात विचारले, नाव-पत्ता लिहून दिला, काही झाले नाही. बाबा मुलाला एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "ताटलीत पाहिला होतास तर सांग, राजाच्या बाजूने पडला होता की फुलाच्या?" मुलाने पाहिलाच नव्हता. तो रुपया बाबांच्या आईला लग्नात मिळाला होता, पाचव्या जॉर्जचा, १९१८ चा. मागे खालच्या कमळापाशी बारीक ठिपका होता, म्हणजे मुंबईच्या टांकसाळीचा.

पुढे मोजमापे पाहिली तेव्हा घेणाऱ्याला मोह का झाला असेल ते कळले. आपला चांदीचा रुपया आणि अमेरिकेचा अर्धा डॉलर रुंदीला जवळजवळ सारखे. रुपया एक तोळ्याचा, ११.६६ ग्रॅम, आणि त्यात सुमारे पावणेअकरा ग्रॅम शुद्ध चांदी. अर्धा डॉलर समजूनच कुणी खिशात टाकला असेल.

म्हणून आपल्या डबीबद्दल थोडे सांगतो. व्हिक्टोरिया राणीचे, सातव्या एडवर्डचे, पाचव्या जॉर्जचे आणि सहाव्या जॉर्जचे १९३९ पर्यंतचे रुपये जवळजवळ शुद्ध चांदीचे, शेकडा पावणेब्याण्णव. १९४० ते १९४५ चे निम्म्या चांदीचे. १९४७ चा, मागे वाघ असलेला, निकेलचा, तो चुंबकाला चिकटतो. चिकटला नाही म्हणून खराच असे मात्र नाही, बाजारात नकली रुपये पुष्कळ आहेत. वजनाच्या बारीक काट्यावर तो तोळ्याचा भरला पाहिजे. झिजलेला थोडा कमी भरेल, पण फार कमी किंवा जास्त भरला तर शंका घ्यावी. १९११ साल दिसले तर तो रुपया अलग ठेवावा. त्या वर्षी राजाच्या झग्यावर कोरलेला हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, मुसलमान बांधवांत असंतोष झाला. आपल्यालाही ते कसे रुचणार? सरकारने वाटप थांबवून बहुतेक रुपये वितळवले आणि १९१२ मध्ये हत्तीची सोंड-कान नीट करून नवे काढले. कुणाच्या घरी आंग्र्यांचा अलिबागी रुपया असेल तर तो सराफाच्या तागडीत टाकण्याआधी नाण्यांच्या जाणकाराला दाखवावा. त्याची किंमत चांदीच्या वजनाने करायची नसते.

नाणी चिंचेने, राखेने, भांड्यांच्या पावडरीने घासू नयेत. सणाला भांडी लखलखीत करण्याची आपल्या बायकांची सवय चांगली, पण घासलेल्या नाण्याची किंमत निम्म्याहूनही खाली येऊ शकते. जाणकार काळपट नाण्यालाच जास्त मान देतात. दाराशी येऊन जुनी नाणी घेतो म्हणणाऱ्याला लगेच देऊ नये. आधी वजन करून, त्या दिवसाचा चांदीचा भाव वर्तमानपत्रात पाहून, मग बोलावे. आणि मुला-नातवंडांना डबी उघडून एकदा दाखवावी. आम्ही दाखवली नव्हती.

बाबांनी आता प्रत्येक नाण्यासाठी कागदाचे छोटे पाकीट केले आहे. वर मराठीत आणि त्याखाली नातवाच्या हातून इंग्रजीत लिहिलेले असते, नाणे कुठले, कुठे मिळाले, कुणाचे. शेकेलच्या पाकिटावर लिहिले आहे, नोव्हाय, शुक्रवार, मेणबत्त्या घेताना. एक पाकीट रिकामे आहे. त्यावर लिहिले आहे, रुपया, १९१८, आईचा, ठिपका मुंबईचा. मोडीत अर्धा डॉलर फारसा येत नाही, पण जेव्हा येतो तेव्हा बाबा तो आधी उलटून बघतात.